पेन्सिलीची खूण

सकाळी पावणेदहा वाजता काइसा लँपिननने देवाला साकडं घातलं, की बाबा रे, आज आम्हाला बक्षीस मिळू देऊ नकोस.

साडेनऊपर्यंत ती नेमकं उलटं मागत होती. टॅमरॅक फॉल्सच्या ‘सेंटिनल’मध्ये गेले तीन आठवडे दुसरा विषयच नव्हता. छोट्या गावांतल्या वर्तमानपत्रांनी कुणाचं तरी लपवलेलं उघडकीला आणलं, तर त्यासाठी विंथ्रॉप पदक देतात. त्याच्या शेवटच्या तिघांत ‘सेंटिनल’चं नाव आलं होतं, आणि निकाल आज दुपारी तीनला होता. ड्वेन पेल्टोने केक सांगून ठेवला होता. ड्वेन म्हणजे त्यांचा छायाचित्रकार. खेळाचं पानही तोच लिहायचा आणि वेळ पडली तर गल्ल्यावर बसून छोट्या जाहिरातीही घ्यायचा. संपादक रॉझ टर्व्हो नाताळलासुद्धा जो निळा कोट कपाटाबाहेर काढत नसत, तो आज घालून आल्या होत्या. वर ‘थंडी आहे म्हणून घातला’ असं कुणी न विचारता सांगत होत्या.

काइसाच्या मुलीला सांभाळणाऱ्या बाई आजारी पडल्या, म्हणून दहा महिन्यांची एलीही आज कामावर आली होती. जुन्या अंकांच्या एका मोठ्या खोक्यात तिची बैठक मांडली होती, आणि बारा वर्षांपूर्वीच्या हवामानाच्या पानाचा कोपरा ती मन लावून चघळत होती. त्या पानावर बर्फच पडणार असं लिहिलं होतं. टॅमरॅक फॉल्सच्या एप्रिलमध्ये बारा वर्षांत काही फरक पडला नव्हता.

साडेनऊला पदकाच्या कार्यालयातून पत्र आलं. शेवटच्या तिघांनाही तेच पत्र होतं. ‘निकाल लागताच विजेत्यांचा अर्ज, प्रश्नावलीसकट, आम्ही संकेतस्थळावर लावतो, म्हणजे इतर वार्ताहरांना त्यातून शिकता येतं. तेव्हा तीन वाजता जरूर पाहा.’

काइसाला वाचून बरंच वाटलं. आपला अर्ज जगासमोर जाईल. एखादा स्वल्पविराम इकडेतिकडे राहिला असेल तर निदान माहीत असावं, म्हणून तिने आपली प्रत उघडली. पहिला प्रश्न, दुसरा, तिसरा. चौथा होता, ‘ही बातमी तुम्हाला कशी सापडली?’ त्याखाली तिचंच उत्तर होतं.

‘शाळेच्या बसच्या आगारात बावीस वर्षं फक्त ब्रेकचं काम पाहणाऱ्या मेकॅनिकने आपल्या खिशातली वही आम्हाला दाखवली, आणि तिथून सुरुवात झाली.’

तिने ते एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. तिने नकळत टेबलाची कड धरली.

त्या काउंटीत शाळेच्या बसचं आगार एकच होतं. त्यात बावीस वर्षं ब्रेकचं काम करणारा माणूसही एकच होता. ते वाक्य कुणाच्याही हातात दिलं असतं, शाळकरी पोरापासून पाद्रीबाबांपर्यंत, तरी तो म्हणाला असता, ‘हां, म्हणजे आपले वेंडेल कांगस.’

वेंडेल यांच्या खिशात एक चौकोनी काळी वही असायची. कोणत्या बसचे ब्रेक केव्हा तपासले आणि किती झिजलेले सापडले, हे ते त्यात लिहायचे. आगाराच्या सरकारी कागदांवर मात्र सगळ्या बस दर महिन्याला ठणठणीत असायच्या. एकदा तर एकाच दिवशी एकोणीस बस तपासल्याच्या सह्या होत्या, आणि त्यांतल्या सहा त्या दिवशी मुलांना घेऊन दोनशे मैलांवरच्या सामन्याला गेल्या होत्या. वेंडेल वरिष्ठांना तीनदा सांगून थकले, आणि मग एक दिवस ‘सेंटिनल’च्या गल्ल्यावर येऊन त्यांनी काइसाच्या हातात जाहिरात दिली: बर्फ उडवायचं यंत्र विकणे आहे. जाहिरातीच्या कागदाखाली दुसरा कागद होता.

तेव्हापासून ती खूणच ठरली. वेंडेल यांना भेटायचं असलं, की पेपरात बर्फ उडवायच्या यंत्राची जाहिरात यायची. मग दुसऱ्या दिवशी दुपारी काइसा वाचनालयामागच्या आवारात गाडी लावून थांबायची. एली तेव्हा पोटात होती. पुढे ती मागच्या आसनावर पट्ट्यात बांधलेली असायची. वेंडेल येऊन बसायचे ते आधी तिच्याकडे वळून म्हणायचे, “काय संपादकबाई, आज जागत्या का?” आणि मग वही उघडायचे. एकदा त्यांनी बस क्रमांक चौदाचा झिजलेला ब्रेकचा तुकडाच रुमालात बांधून आणला होता. नखाइतका उरला होता. “ही बस टेकडीवरच्या रस्त्याने जाते,” ते म्हणाले होते, “आणि टेकडीवर उतारच असतो, पोरी.”

काइसाने चौदा महिने कागद जमवले. लेखमाला छापून आली, एकोणीसच्या एकोणीस बस रस्त्यावरून निघाल्या आणि नवे ब्रेक लावूनच परत आल्या. पण आगाराचा प्रमुख स्ट्रॉबेल चौकशी संपेपर्यंत खुर्चीतच होता, आणि ‘आपल्यातला फितूर कोण’ हे हुडकायचा त्याने चंग बांधला होता. वेंडेल यांच्या निवृत्तीला सात महिने होते. लेखमालेत कुठेही मेकॅनिक नव्हता, वही नव्हती, बावीस वर्षं नव्हती. होती ती फक्त ‘आगाराच्या कामाची माहिती असलेली व्यक्ती.’

‘सेंटिनल’ची एक जुनी रीत होती. मोठी बातमी छापायला जाण्याआधी तिची कागदी प्रत काढायची, दोघांनी समोरासमोर बसायचं, एकाने मोठ्याने वाचायचं, आणि पुरावा दाखवल्याशिवाय दुसऱ्याने त्या शब्दावर पेन्सिलीची खूण करायची नाही. नाव असो, तारीख असो, ‘लाल’ गाडी असो. खूण नाही तर छपाई नाही. बसच्या लेखमालेला चार दिवस लागले होते. रॉझने ‘टेकडी’ या शब्दालासुद्धा पुरावा मागितला होता, आणि काइसाने नकाशा आणला होता.

आणि प्रश्नावलीवर एकही खूण नव्हती. का? तर ती काही बातमी नव्हे. परीक्षकांनी वाचायची आणि फायलीत घालायची. जानेवारीतल्या एका दुपारी एलीचे दात येत होते, अंगात ताप होता. मांडीवर तिला थोपटत, एका हाताने टंकत काइसाने ती भरली होती. पाठवायला शेवटचा तास उरला होता. आणि खरं सांगायचं तर त्या ओळीत वेंडेल यांच्याबद्दलचं कौतुकही होतं. कुणालाच सांगता आलं नव्हतं ना इतके दिवस! एकदा तरी कुठेतरी लिहावं, की अशी माणसं असतात.

‘फक्त विजेत्यांचाच अर्ज लावतात,’ तिच्या मनाने तिला समजावलं. ‘तिघांतून एक. आपण नाही जिंकलो तर काहीच बिघडत नाही. आपण कुठले जिंकतोय!’

खोक्यातून एलीने हवामानाचं पान वर धरून दाखवलं. काइसा हसली, आणि हसता हसताच तिला कळलं, की हा जुगार आहे, आणि पैजेला लावलेली वस्तू आपली नाही.

ती उठली. पंधरा पावलांवर रॉझचं टेबल होतं. टेबलामागच्या भिंतीत एक जाडजूड खिळा होता. तो रॉझच्याही आधीच्या संपादकांनी ठोकला होता, पदकाची पाटी लावायला म्हणून. बेचाळीस वर्षांत पाटी काही आली नाही. खिळ्यावर लोखंडी सामानाच्या दुकानाचं कॅलेंडर टांगलेलं असायचं. आज कॅलेंडर काढून खाली ठेवलेलं होतं. भिंतीवर त्याचा पांढरा चौकोन तेवढा राहिला होता.

“रॉझ, मला काहीतरी सांगायचंय.”

“भाषणाचं असेल तर मी तयार केलंय. तू रडायचं आणि मी आभार मानायचे, असं वाटून घेऊ.”

“भाषणाचं नाही.” तिने कागद पुढे ठेवला आणि ओळीवर बोट ठेवलं.

रॉझने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. ओळ वाचली. मग चष्मा काढला, कोटाच्या बाहीने पुसला आणि पुन्हा वाचली; जणू काचेचा दोष असावा.

“हे तू लिहिलंस?”

“हो.”

“हे मी वाचलं नाही?”

“तुम्ही म्हणालात, वाचू का. मी म्हटलं, नको, नुसता अर्ज आहे.”

“आणि मी ऐकलं.” रॉझ खुर्चीला टेकल्या. “वा गं वा. टेकडीला नकाशा मागणारी बाई मी. ‘टेकडी’वर खूण केली, आणि माणूस तसाच सोडून दिला.”

“चूक माझी आहे.”

“तुझी आहेच! म्हणून काय मला माझी मिळू द्यायची नाही?” त्या एकदम ओरडल्या, आणि ड्वेनने गल्ल्यावरून मान वर केली. “तू तिकडे बघ रे, जाहिराती मोज! काइसा, हे लोक तीन वाजता लावणार?”

“जिंकलो तर.”

रॉझने मागे वळून खिळ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं कोण जाणे. काइसाला तो सबंध हिवाळा वाटला. रॉझ तेहतीस वर्षं या पेपरात होत्या. नवरा गेला तेव्हा तिसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या होत्या. येत्या शरद ऋतूत त्या निवृत्त होणार होत्या, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

“लाव फोन,” त्या म्हणाल्या. “ओळ काढायला सांगू. नाहीच म्हणाले, तर अर्जच मागे घेऊ.”

“रॉझ…”

“रॉझ-बिझ काही नाही. तो माणूस पदक मिळावं म्हणून तुझ्या गाडीत बसला होता का? लाव.”

फोन लागला, पण यंत्राने उचलला. निकालाच्या दिवशी कार्यालयातली सगळी माणसं सभागृहात खुर्च्या मांडत असणार. निरोप ठेवला. नियमांचं पुस्तक उघडलं, तर आठव्या कलमात स्वच्छ लिहिलेलं: परीक्षण झाल्यावर अर्जात बदल करता येणार नाही, संपादक आणि वार्ताहर दोघांच्या सहीने अर्ज मागे मात्र घेता येईल.

रॉझने स्वतः पत्र टंकलं. चार ओळींचंच होतं. ‘आमच्या अर्जातील एका वाक्यामुळे, ज्याला आम्ही नाव गुप्त ठेवण्याचा शब्द दिला आहे अशी व्यक्ती ओळखू येते. ते वाक्य वगळणे शक्य नसल्यास आम्ही अर्ज मागे घेत आहोत.’ काइसाने सही केली. रॉझनेही केली, आणि शाई वाळायच्या आत काइसाच्या कडेवरच्या एलीने हात लांबवून कागदाचा कोपरा पकडला.

“सोड गं,” रॉझ म्हणाल्या, “तुझ्या आईने आधीच पुरेसा घोळ घातलाय.”

पत्राचा फोटो काढून सव्वाअकराला पाठवला. उत्तर नाही. पुन्हा फोन, पुन्हा यंत्र. बारा वाजले. ड्वेन चौकातून गरम पेस्टी घेऊन आला. एरवी ती मांस-बटाट्याची पेस्टी काइसा दोन घासांत संपवायची, आज तिने फक्त एलीला आतला बटाटा भरवला. ड्वेनला काही सांगितलेलं नव्हतं, पण तो काही आंधळा नव्हता.

“काय झालंय? कुणी गेलं का?”

“अजून नाही,” रॉझ म्हणाल्या. “खा तू.”

एक वाजला. काइसाने मनात वेंडेल यांना सांगायची वाक्यं जुळवायला घेतली. प्रत्येक वाक्य ‘मला माफ करा’पाशी येऊन थांबत होतं, आणि त्यापुढे त्यांच्या सात महिन्यांचं काय, ते तिला सुचत नव्हतं. तिने एलीला उचलून छातीशी धरलं. एली मजेत होती. आईच्या कानातलं ओढायचं आणि आईने ‘आई गं’ म्हणायचं, हा खेळ तिला कितीही वेळ चालायचा.

एक वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. ड्वेन केक आणायला गेला होता; दोघींना ऐकू यावं म्हणून रॉझने फोनचा स्पीकर लावला.

“मी ओडेल, विंथ्रॉपच्या कार्यालयातून,” एक वयस्कर, दमलेला आवाज आला. “तुमचं पत्र आत्ता पाहिलं हो. सकाळपासून मी इथे माईक दुरुस्त करतेय. काय प्रकार आहे? कुठलं वाक्य?”

“चौथ्या प्रश्नाचं उत्तर,” काइसा म्हणाली. “पहिलं वाक्य.”

“थांबा हं. आमच्याकडे अजून कागदच चालतो. समितीतली सगळी माणसं जुनी. त्यांच्या हाताखालून गेलेला कागदच आम्ही संकेतस्थळावर लावतो.” पानं उलटल्याचा आवाज आला. एक पान, दुसरं. “सेंटिनल… सेंटिनल… हां. चौथा प्रश्न ना? कुठलं वाक्य म्हणालात?”

“पहिलं. मेकॅनिकचं.”

“इथे मेकॅनिक नाहीये.”

काइसाने रॉझकडे पाहिलं.

“इथे काळं केलंय,” ओडेलबाई म्हणाल्या. “जाड काळ्या शाईने, एक सबंध ओळ. आणि बाजूला पेन्सिलीने लिहिलंय. अक्षर बघा कसलं, डॉक्टर परवडला. थांबा, वाचते. ‘हा माणूस ओळखू येतो. छापू नका. बाकी कुणाला दाखवलंही नाही. माझ्याही गावात असा एक होता.’ खाली तारीख आहे, नऊ फेब्रुवारी.”

काइसाच्या डोळ्यांसमोर एक टेबल आलं, कुठल्यातरी दूरच्या शहरातलं. त्यावर अर्जांचा ढीग, आणि कधी न पाहिलेला एक म्हातारा हात त्या ओळीपाशी येऊन थांबलेला. फेब्रुवारीत. म्हणजे दोन महिन्यांपूर्वीच वेंडेल सुखरूप होते. सकाळपासून ती ज्या कड्यावर लोंबकळत होती, त्याला कधीच कुणीतरी कठडा बांधून ठेवला होता.

“ऐकताय ना?” ओडेलबाई म्हणाल्या. “ते परीक्षक सगळे अर्ज आधी वाचतात. नंतर बाकीच्यांना याच्याच प्रती दिल्या. म्हणजे ते वाक्य त्यांच्याशिवाय कुणी वाचलेलंच नाही. आता तुम्ही अर्ज मागे घेणार आहात का? म्हणजे मला तसं लिहून घ्यावं लागेल, आणि माईकही अजून खरखरतोय.”

“नाही,” रॉझ म्हणाल्या. “नाही घेत. ओडेलबाई, एक विचारू? तुमच्या त्या परीक्षकांचं लग्न झालंय का?”

“पत्नी वारल्या. पण ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत हो.”

“म्हणजे जमण्यासारखं आहे.”

ओडेलबाई खुदकन हसल्या, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, “मी अठरा वर्षं इथे आहे. निकालाच्या दिवशी ‘आम्हाला बक्षीस नको’ म्हणून पत्र पाठवणारे तुम्ही पहिलेच. तीनला या बरं का बघायला.”

फोन बंद झाला. काइसा एलीला घेऊन जुन्या अंकांच्या खोलीत गेली, दार लोटलं आणि कपाटाला पाठ लावून जमिनीवर बसली. तिला रडू आलं ते बाळंतपणानंतर आलं होतं तसं, कुठून येतंय ते कळू नये आणि थांबवायची गरजही वाटू नये असं. एलीने आधी गंभीरपणे पाहिलं, मग बोटाने आईच्या गालावरचं पाणी टिपून तोंडात घातलं. खारट लागलं असावं. तिने तोंड वाकडं केलं आणि काइसा रडता रडता हसायला लागली.

बाहेर रॉझ केक घेऊन परतलेल्या ड्वेनला सगळं सांगत होत्या, अर्थात नाव सोडून. “एक माणूस आहे,” एवढंच.

“कोण?” ड्वेनने विचारलं.

“तुला सांगायचं असतं तर दुपारी ‘खा तू’ कशाला म्हटलं असतं?”

तीन वाजता सगळे ड्वेनच्या पडद्यासमोर जमले. सगळे म्हणजे तीन माणसं आणि एक खोकं. ओडेलबाईंचा माईक अजूनही खरखरत होता. छोट्या वर्तमानपत्रांचा विभाग आला. तिसरं नाव वाचलं, ते दुसऱ्याच कुणाचं. दुसरं नाव वाचलं: “टॅमरॅक फॉल्स सेंटिनल, शाळेच्या बसचे ब्रेक.” आणि पहिलं आलं ते न्यू मेक्सिकोतल्या, दोन बहिणींनी चालवलेल्या साप्ताहिकाचं. विहिरींच्या पाण्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं. त्या दोघी मंचाकडे धावत निघाल्या, त्यांतल्या एकीची चप्पल मागे राहिली, आणि ती परत न घेताच ती वर गेली.

रॉझने टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. “विहिरींचं मी वाचलंय,” त्या म्हणाल्या. “चांगलं केलंय पोरींनी. त्या विहिरींपुढे मीही दुसरीच आले असते.”

“दुसऱ्याला काय देतात?” ड्वेनने विचारलं.

“कागद.”

“पाटी नाही?”

“पाटी नाही.” रॉझने खाली ठेवलेलं कॅलेंडर उचललं, खिळ्यावर पुन्हा टांगलं आणि सरळ केलं. “बरं झालं. पाटीवर आजची तारीख काही दिसली नसती.”

काइसा त्यांच्या पाठीकडे पाहत होती. ती पाठ सकाळपेक्षा वाकलेली दिसेल, अशी तिला धास्ती होती. तशी ती दिसली नाही. निळा कोट त्यांनी काढून खुर्चीवर टाकला आणि बाह्या सरसावून केकचं झाकण उघडलं. केकवर पांढऱ्या साखरेने लिहिलं होतं, ‘काहीही झालं तरी शाब्बास.’

“जिंकलो तर, हरलो तर, दोन्हीकडे चालेल असं लिहा म्हटलं त्यांना,” ड्वेन म्हणाला. “मी काय वेडा आहे?”

केक कापत असतानाच दाराची घंटी वाजली. दारात वेंडेल कांगस उभे होते, डोक्यावर कानटोपी, बुटांना वितळत्या बर्फाचा चिखल. बूट पुसायला त्यांनी नेहमीप्रमाणे भरपूर वेळ घेतला.

“जाहिरात द्यायचीय,” ते म्हणाले.

“पुन्हा तेच यंत्र?” ड्वेनने कपाळाला हात लावला. “वेंडेल, दीड वर्ष झालं. लोक हसतात तुम्हाला. भाव तरी उतरवा! नाहीतर त्याला दत्तक तरी द्या कुणाला.”

“विचार करतोय,” वेंडेल म्हणाले. “कसला केक आहे?”

“बक्षीस मिळालं आम्हाला. दुसरं.”

“दुसरं?” वेंडेल यांच्या भुवया वर गेल्या. “का? पहिल्याने काय, रेल्वेचे ब्रेक पकडले?”

रॉझने तोंड फिरवून केकच्या झाकणाशी उगीचच खटपट केली. त्यांचे खांदे हलत होते. काइसाने केकचा मोठा तुकडा बशीत घेतला आणि गल्ल्याच्या टोकाला, खिडकीपाशी, वेंडेल यांच्यापुढे ठेवला. ड्वेनला रॉझने काहीतरी आणायच्या निमित्ताने आत पाठवलं.

मग काइसाने सगळं सांगितलं, हळू आवाजात, काही न लपवता. ओळ, पत्र, काळी शाई. आपण पहिली दहा मिनिटं काय विचार करत होतो, तेही सांगितलं. वेंडेल खात खात ऐकत होते. एका ठिकाणी त्यांचा काटा थांबला, मग पुन्हा चालू झाला.

“तू सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं,” ते शेवटी म्हणाले.

“नसतं.”

बाहेर टेकडीच्या वळणावरून पिवळी बस उतरत होती, शाळा सुटली होती. ती चौकापाशी आली आणि झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे थांबली, आवाज न करता. क्रमांक चौदा. वेंडेल यांनी ती थांबेपर्यंत तिच्याकडे पाहिलं; काइसाला वाटलं, हा माणूस गावातली प्रत्येक बस अशीच थांबेपर्यंत पाहत असणार.

“त्या म्हाताऱ्या परीक्षकाला पत्र लिहिणार असशील,” ते म्हणाले, “तर माझ्याकडूनही लिही. नाव नको घालूस.”

“नाही घालणार,” काइसा म्हणाली, आणि दोघंही हसले. तिच्या खांद्यांवरचं शेवटचं ओझं तेव्हा कुठे उतरलं.

“संपादकबाई जागत्या का?” त्यांनी खोक्यात डोकावून विचारलं. एली झोपली होती, गालाला जुन्या हवामानाची शाई लागली होती. वेंडेल यांनी जाहिरातीचा कागद पुढे सरकवला. “हे घे. आता भेटायचं काही उरलं नाही आपलं. या खेपेला खरंच विकायचंय.”

कागदावर लिहिलं होतं: ‘बर्फ उडवायचं यंत्र. लाल रंग. चालू स्थितीत.’ खाली फोनचा आकडा.

काइसाने कानामागची पेन्सिल काढली. ‘बर्फ उडवायचं यंत्र’ यावर खूण केली. मग तिची पेन्सिल थांबली.

“लाल?”

“लालच आहे.”

“पुरावा?”

वेंडेल यांनी खिशात हात घालून ती काळी वही काढली. मागच्या पानात एक जुना फोटो होता, बर्फात उभं असलेलं लाल यंत्र. काइसाने तो नीट पाहिला आणि ‘लाल’वर खूण केली.

“आणि ‘चालू स्थितीत’?”

“येऊन बघ,” वेंडेल म्हणाले. “शनिवारी. मुलीलाही घेऊन ये.”

“पाहिल्याशिवाय मी खूण करणार नाही हं.”

“नकोच करूस,” ते म्हणाले, आणि केकचा उरलेला तुकडा कागदी रुमालात गुंडाळून, टोपी सारखी करत बाहेर पडले.